मॅट्रिकपर्यंतची सात वर्षं

१८७५ चा पावसाळा अजून सरला नव्हता. दापोलीजवळच्या मुरूड गावातला सतरा वर्षांचा एक मुलगा सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघाला. समुद्र खवळलेला होता, गलबताचा भरवसा नव्हता. मुलांनी पाठीवर बोचकी टाकली आणि कुंभार्ली घाटाची वाट धरली. शंभराहून अधिक मैलांची पायपीट, वरून पाऊस, पायाखाली चिखल. मुलं साताऱ्याला वेळेवर पोचली. परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी त्या मुलाकडे पाहिलं आणि तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, असं सांगून टाकलं. वयाचा दाखला जवळ होता, त्याचा उपयोग झाला नाही. मुलगा अंगाने लहानखुरा होता, एवढंच. परीक्षेला न बसता तो परत फिरला.

त्या मुलाचं नाव धोंडो केशव कर्वे.

ही परीक्षा मॅट्रिकची नव्हती. मराठी सहावीची ती सरकारी परीक्षा. ती पास झाली की खेड्यातल्या शाळेत मास्तर होता येई, कचेरीत एखादी कारकुनी मिळे. त्या काळच्या बहुतेक घरांत मुलाच्या शिक्षणाची इतिश्री इथेच व्हायची. इंग्रजी शाळेचा रस्ता याच्या पुढचा आणि निराळा होता. मराठीच्या तीन-चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली, मग दुसरी, असं करत इंग्रजी सातवी. ही इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. पुढे मराठी सातवीच्या परीक्षेला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ असं भारदस्त नाव मिळालं आणि लोकांनी त्याचं नुसतं ‘फायनल’ करून टाकलं. गावोगावचे मास्तर फायनल झालेले असत. मॅट्रिक झालेला माणूस पाहायला तालुक्याला जावं लागे.

मुलाला फायनल करून कामाला लावायचं की इंग्रजीत घालून मॅट्रिकपर्यंत थांबायचं, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षं मराठी घरांच्या माजघरात बोलला गेला. त्याचा इतिहास लिहिताना विद्यापीठाचे ठराव आणि निकालाचे आकडे हाताशी असतात. निर्णय मात्र घरातल्या धान्याच्या कणगीकडे बघून व्हायचा.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ते स्वतः शिकवत नसे, परीक्षा घेई. विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव चढण्याआधी जी परीक्षा द्यायची ती मॅट्रिक्युलेशन. शब्दाचा अर्थच मुळी नावनोंदणी असा आहे. म्हणजे ही शाळेची शेवटची परीक्षा नव्हती, विद्यापीठाच्या दारावरची पहिली होती. शाळेत मुलांनी काय शिकावं हे त्यामुळे दाराच्या आतल्या मंडळींनी ठरवलं, आणि ज्यांना त्या दारातून कधीच आत जायचं नव्हतं त्यांनीही तेच शिकायचं, असं होऊन बसलं. मॅट्रिकचा पुढचा सगळा ताप या एका गोष्टीतून निघाला.

पहिली परीक्षा १८५९ मध्ये झाली. शंभराहून अधिक मुलं बसली आणि जेमतेम वीस-बावीस पास झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तीन वर्षांनी, १८६२ मध्ये, विद्यापीठाचे पहिले बी. ए. जाहीर झाले ते चार : रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. सबंध इलाख्यातून चार! त्या चौघांचं कौतुक महाराष्ट्राने पुढे भरभरून केलं आणि ते योग्यच होतं. पण त्या पहिल्या परीक्षेत मागे राहिलेली मुलं संख्येने कितीतरी जास्त होती आणि त्यांचं पुढे काय झालं याची नोंद कोणी ठेवली नाही. मॅट्रिकच्या इतिहासात हा पायंडा पहिल्याच वर्षी पडला.

परीक्षा कठीण कशी होती, हे एका गुणपत्रिकेवरून कळतं. १८८७ साली राजकोटचा एक मुलगा मॅट्रिकला बसला. काठियावाडच्या मुलांना दोन केंद्रं होती, अहमदाबाद आणि मुंबई. जवळचं आणि स्वस्तातलं म्हणून त्याने अहमदाबाद घेतलं. राजकोटहून अहमदाबादला एकट्याने जाण्याची ती त्याची पहिलीच वेळ. इंग्रजीत २०० पैकी ८९, गुजरातीत १०० पैकी साडेपंचेचाळीस, गणितात १७५ पैकी ५९, सामान्यज्ञानात १५० पैकी ५४. एकूण ६२५ पैकी २४७.५, म्हणजे चाळीस टक्क्यांच्याही आत. क्रमांक ४०४ वा. या मुलाचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

या गुणांकडे पाहताना दोन आकडे जोडीने वाचायला हवेत. इंग्रजीला २०० गुण, मातृभाषेला १००. गणितही इंग्रजीतून, सामान्यज्ञानही इंग्रजीतून. म्हणजे परीक्षेचा मोठा भाग हा इंग्रजी किती येतं याचाच होता, विषयाचं नाव काहीही असो. गांधींनी पुढे १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिलं की अंकगणित, भूमिती, बीजगणित, रसायन आणि खगोल शिकायला त्यांना जी चार वर्षं लागली, तेवढं गुजरातीतून एका वर्षात झालं असतं. पन्नास वर्षांनंतरही ती तीन वर्षं वाया गेल्याची खंत त्यांच्या मनातून गेली नव्हती.

मॅट्रिक झाल्यावर घरात चर्चा झाली तीही ऐकण्याजोगी आहे. भावनगरच्या कॉलेजात एक सत्र काढून मोहनदास घरी परतला होता. कुटुंबाचे जुने स्नेही मावजी दवे यांनी सरळ हिशेब मांडला. बी. ए. व्हायला चार-पाच वर्षं जातील, आणि एवढं करून मिळेल काय, तर साठ रुपयांची नोकरी. दिवाणगिरी काही मिळायची नाही. त्यापेक्षा मुलाला विलायतेला पाठवा, बॅरिस्टर होऊ दे. वर्षं किती, पैसे किती, हाती काय लागेल, या तीन प्रश्नांभोवतीच सगळं बोलणं फिरत होतं. मुलाला काय आवडतं हा चौथा प्रश्न त्या काळच्या घरांत क्वचितच निघे. मोहनदासला डॉक्टर व्हायचं होतं, आणि वैष्णव घरात मड्याला हात कसा लावायचा म्हणून तो विचार तिथेच थांबला.

गोखल्यांच्या घरी एवढाही पर्याय नव्हता. १८७९ मध्ये वडील वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता आणि थोरला भाऊ गोविंद कोल्हापुरात शिकत होता. दोघांनी शिकणं शक्यच नव्हतं. गोविंदाने शाळा सोडली आणि पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये तो दर महिन्याला कोल्हापूरला धाकट्या भावाला पाठवी. स्वतः लग्न झालेला संसारी माणूस, आणि उरलेल्या सात रुपयांत घर. गोपाळ हाताने स्वयंपाक करी, तेल वाचावं म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचत बसे. १८८१ मध्ये तो मॅट्रिक झाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रत्येक चरित्रात हे आठ रुपये येतात आणि दोन ओळींत निघून जातात. खरं तर मॅट्रिक कोणी व्हायचं हे त्या आठ रुपयांनी ठरवलं होतं. गोविंद बुद्धीने कमी होता असं कोणी म्हटलेलं नाही.

त्याच १८८१ मध्ये मॅट्रिक झालेला आणखी एकजण होता : साताऱ्याहून परत फिरवलेला मुरूडचा तो मुलगा. आता त्याचं वय तेवीस होतं. मुरूडला सोमण गुरुजींच्या मदतीने इंग्रजीचा श्रीगणेशा, मग रत्नागिरी, मग मुंबईत रॉबर्ट मनी शाळा, आणि पोटासाठी शिकवण्या. ज्या वयात इतर मुलं नोकरीत मुरलेली असत त्या वयात कर्वे शाळेच्या बाकावर बसत होते. दहा वर्षांनी गोखल्यांनीच त्यांना फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावलं.

आता सरकारलाही दिसत होतं की सगळी मुलं एकाच दारावर गर्दी करताहेत. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने सुचवलं की हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन फाटे करावेत. एक विद्यापीठाकडे नेणारा, दुसरा व्यापार-उदीम आणि व्यवहाराच्या शिक्षणाचा. मुंबई इलाख्यात ‘स्कूल फायनल’ नावाची परीक्षा निघालीही. पण लोकांनी मॅट्रिक सोडली नाही. त्यांचं चुकत होतं असंही म्हणवत नाही. कारकुनीला मॅट्रिक चालत होती, वकिलीची वाट मॅट्रिकवरून होती, कॉलेजची वाट मॅट्रिकवरून होती. शहाणा बाप सगळ्या वाटा उघड्या ठेवणारा कागदच घेणार. दुसरा फाटा कागदावर कितीही व्यवहारी असो, त्याच्या टोकाशी दार नव्हतं.

मुलींसाठी तर १८८३ पर्यंत पहिलंही दार नव्हतं. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्या आणि विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती तिथे ते भरू लागलं म्हणून पुणेकरांच्या तोंडी त्याचं नाव हुजूरपागा. मुलींना इंग्रजी आणि गणित मुलांसारखं शिकवावं का, यावर वर्तमानपत्रांतून हमरीतुमरी झाली. ‘केसरी’चा विरोध होता, आणि तो कडवा होता. आज तो वाचताना वाईट वाटतं, कारण ज्यांनी लिहिलं ते स्वतः याच परीक्षेतून वर आले होते आणि पुढे त्यांनी देशाचं नेतृत्व केलं.

या सगळ्या कथेतलं सर्वांत मोठं पान मुंबईतल्या परळच्या एका चाळीतलं आहे. रामजी सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, पेन्शन तुटपुंजी, राहायला एक खोली. दोन मुलगे शिकत होते. दोघांचा खर्च झेपेना तेव्हा थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून कामाची वाट धरली, म्हणजे धाकट्या भीमाला, पुढच्या बाबासाहेब आंबेडकरांना, शिकता यावं. गोखल्यांच्या घरी घडलं तेच इथे घडलं, एका पिढीनंतर, जातीच्या उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला. त्या एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणं, पाहुणे. सुभेदार रात्री दोनच्या सुमाराला मुलाला उठवत, घर शांत असे तेवढ्या वेळात तो अभ्यास करी.

गोपाळच्या वाटेत गरिबी होती. भीमरावांच्या वाटेत गरिबी होती आणि शाळाही आडवी होती. त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्याला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून वर्गातल्या मुलांनी गलका केला आणि डबे हलवल्यावरच त्यांना फळ्याला हात लावता आला. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण.

हे गुण पाहून आज कोणी नाक मुरडेल. तेव्हा वस्तीने सभा भरवली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपलं ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ त्या मुलाच्या हातात ठेवलं. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणारा हा मुलगा केळुसकरांनी आधीच हेरला होता. पुढे त्यांच्याच खटपटीने सयाजीराव गायकवाडांकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेज शक्य झालं. त्या सत्काराच्या पुस्तकाने कोणती वाट उघडली हे १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेत साऱ्या जगाने पाहिलं. मॅट्रिकची परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा यात काही वाटा नव्हता. बापाचं रात्री उठणं, भावाचं काम, एका मास्तराची नजर, यांवर हे उभं राहिलं.

दुसऱ्या बाजूला, ज्यांना सगळं अनुकूल होतं त्यांच्यासाठी मॅट्रिक हे मानाचं मैदान होतं. संस्कृतात पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे आणि त्याचं नाव आयुष्यभर तिच्यासह घेतलं जाई. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ मध्ये परीक्षेत पहिला क्रमांक आणि ही शिष्यवृत्ती असं दोन्ही मिळवलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाल्यावरही मराठी माणूस त्यांची ओळख शंकरशेट स्कॉलर म्हणून करून द्यायला विसरत नसे.

नापास होणाऱ्यांचं काय? ‘नॉन-मॅट्रिक’ हा शब्द मराठीत रुळला तो त्यांच्यामुळे. कित्येकांचं गाडं एकट्या गणिताशी अडलं. औंधच्या शाळेतला गजानन दिगंबर माडगूळकर मॅट्रिकला गणितात अडला आणि पोटासाठी चित्रपटांकडे गेला. ज्याची मराठी इतकी लखलखीत, त्याला शिक्षणव्यवस्थेने एका विषयासाठी बाहेर ठेवलं. माडगूळकरांनी ‘गीतरामायण’ लिहून महाराष्ट्राला ती चूक पोटात घालायला लावली. त्यांच्या बरोबरीने बाहेर राहिलेल्या हजारोंना असा मार्ग सापडला नाही.

मॅट्रिकच्या दारापाशी उभं राहून दोन माणसांनी वेगवेगळी उत्तरं शोधली. भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. मुलं बुद्धीने नव्हे, भाकरीने अडतात हे त्यांना कळलं होतं. म्हणून १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करताना त्यांनी वसतिगृहावर भर दिला. मुलांनी काम करावं, एकत्र रांधून एका पंगतीत जेवावं आणि शिकावं. सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर आली. १९४० मध्ये साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. घराने सात वर्षं थांबायचं ओझं संस्थेने आपल्या खांद्यावर घेतलं. मावजी दव्यांच्या हिशेबातली ‘पैसे किती’ ही ओळच भाऊरावांनी खोडून टाकली.

दुसरं उत्तर कर्व्यांचं. हिंगण्याच्या आश्रमात विधवा मुलींना शिकवताना त्यांना दिसत होतं की उशिरा शिकायला लागलेल्या मुलीला इंग्रजीतून मॅट्रिक म्हणजे डोंगर. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपत्रिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून, आणि प्रवेश परीक्षा स्वतःची. मोठं धाडस होतं ते. सरकारची मान्यता नव्हती, पदवीला बाजार नव्हता, मुलीच्या बापाला काय सांगून पटवायचं हा रोजचा प्रश्न होता. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ उजाडावं लागलं. ज्याला वयाच्या सतराव्या वर्षी परीक्षेच्या दारातून परत पाठवलं होतं, त्याने चाळीस वर्षांनी दुसरं दार बांधलं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ मध्ये कायदा करून ही परीक्षा विद्यापीठाच्या हातून काढून मंडळाकडे दिली आणि १९४९ पासून एस. एस. सी. सुरू झाली. नोंदणीची परीक्षा आता शाळा संपल्याची परीक्षा झाली. लोक मात्र अकरावीच्या त्या परीक्षेला पुढे कितीतरी वर्षं मॅट्रिकच म्हणत राहिले. १९७५ मध्ये दहावीचा नवा आकृतिबंध आला आणि ‘जुनी मॅट्रिक’ हे विशेषण काही पिढ्यांना कायमचं चिकटलं.

प्रश्न आता नव्या कपड्यांत आला आहे. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या संघटनेची आंतरराष्ट्रीय पदविका, म्हणजे आय. बी. डिप्लोमा, भारतात पहिल्यांदा १९७६ मध्ये कोडाईकनालला आली. १९९७ पासून पुण्याजवळ पौडच्या डोंगरावरच्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजातही ती आहे, आणि आज मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच शाळांत आहे. सहा विषय, चार हजार शब्दांचा शोधनिबंध, ज्ञानमीमांसेचा स्वतंत्र पाठ, समाजकार्य. अभ्यासक्रम म्हणून तो मॅट्रिकपेक्षा कितीतरी उदार आहे, घोकंपट्टीला त्यात थारा कमी. तरी सोळा वर्षांच्या मुलासमोर बसलेले आईवडील बोलतात ते राजकोटच्या ओसरीवरचंच : वर्षं किती, पैसे किती, पुढचं कोणतं दार उघडेल. आणि बहुतेक पदविका शाळांची फी पाहिली तर महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत ही चर्चा सुरूच होत नाही. आय. बी. चांगली की वाईट यावर पालक तासन्‌तास वाद घालतात. तिला भाऊराव पाटील अजून मिळालेले नाहीत, ही गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते.

मराठी घरांतल्या जुन्या पेट्यांत, कपाटाच्या वरच्या फळीवर, पिवळ्या पडलेल्या कागदावर आजोबा-पणजोबांचा मॅट्रिकचा दाखला अजून सापडतो. घडीवर फाटलेला, कडा झिजलेल्या. त्यावर एकच नाव असतं. तो हाती लागला तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारा, त्या वेळी शाळा कोणी सोडली होती, पैसे कोण पाठवत होतं, दागिना कोणाचा मोडला होता. आणि ते नाव दाखल्याच्या मागच्या बाजूला, तारखेसह, स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवा.